नवव्या दिवसाची हिरवी रेघ : खरेदी, परीक्षा आणि परतीची मुदत

(धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.)

शिर्डीत आमचे हार-फुलांचे छोटेसे दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात आईने त्याच्या मिळकतीतून नवा फोन घेतला. आठ दिवस तो उत्तम चालला. नवव्या दिवशी सकाळी, काकड आरतीची गर्दी ओसरत असताना, पडद्याच्या डाव्या बाजूस वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ उमटली. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता. ज्या दुकानातून तो घेतला तेथील माणसाने रेघ पाहिली, पावती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला : "काकू, किती दिवस झाले?"

सात दिवसांच्या आत आला असतात तर फोन बदलून दिला असता, आता सर्व्हिस सेंटरला न्या, एवढे सांगून त्याने डबा परत केला. आईने जाता जाता त्याला विचारले, "रेघ नवव्या दिवशी आली, तर सातव्या दिवशी मी तुम्हाला दाखवायला काय आणणार होते?"

मी इतिहासाची विद्यार्थिनी. घरी आल्यावर मला त्या फोनपेक्षा या प्रश्नाने अधिक छळले. विकत घेतलेली वस्तू परत करण्यास मुदत असावी, ती इतकीच असावी, आणि मुदतीनंतर दोष उघड झाला तर त्याचा भार घेणाऱ्याने सोसावा, हे कोणी आणि केव्हा ठरवले? शोधू लागले तेव्हा लक्षात आले की हा वाद आपल्या भूमीत किमान दीड हजार वर्षांचा आहे, आणि जुन्या शास्त्रकारांनी आईच्या प्रश्नाचा विचार आमच्या दुकानदारापेक्षा पुष्कळ बारकाईने केलेला आहे.

धर्मशास्त्रात वादांची जी अठरा पदे सांगितली जातात त्यांत खरेदी-विक्रीच्या पश्चात्तापालाही स्थान आहे. 'क्रीतानुशय' असा त्याला शब्द आहे. क्रीत म्हणजे विकत घेतलेले, अनुशय म्हणजे मागाहून झालेला पश्चात्ताप. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात वस्तूंच्या परीक्षेची मुदत दिली आहे, आणि ती सर्व वस्तूंना सारखी नाही. बियाण्यासाठी दहा दिवस. लोखंडासाठी एक दिवस. ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी पाच दिवस, दुभत्या जनावरासाठी तीन दिवस, रत्नांसाठी सात दिवस.

त्याच यादीत, त्याच ओळीत, दास पुरुषासाठी पंधरा दिवस आणि दासीसाठी एक महिना असेही लिहिले आहे. माणसे बैलांच्या आणि बियाण्यांच्या रांगेत उभी आहेत, हे वगळून या यादीचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून ते येथे नोंदवून मगच पुढे जाते.

या स्मृतीवरील सर्वांत प्रभावी टीका, विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा', दख्खनमध्येच लिहिली गेली. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (राज्यकाळ १०७६ ते ११२६) याच्या कल्याणी या राजधानीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे. पुढे महाराष्ट्रातील निवाड्यांत हिचा आधार शतकानुशतके घेतला गेला.

आता या मुदतींकडे नीट पाहा. बियाण्याला दहा दिवस का? कारण ते पेरून, पाणी देऊन, अंकुर येतो की नाही हे कळायला तेवढे दिवस लागतात. लोखंडाला एकच दिवस, कारण ते तापवून ठोकले की बरेचसे त्याच दिवशी समजते. दुभती गाय तीन दिवसांत आपले खरे दूध दाखवते. मुदतीमागचे कारण टीकाकाराच्या शब्दांत मी मांडत नाही, हे माझे अनुमान आहे. पण आकड्यांची रचना पाहता दुसरा अर्थ लावणे मला कठीण वाटते. मुदत विक्रेत्याच्या सोयीने ठरलेली नाही. त्या वस्तूतील दोष बाहेर यायला किती काळ लागतो, यावर ती ठरली आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात मात्र मोजपट्टी निराळी दिसते. तेथे मुदत व्यवहार करणाऱ्यावर अवलंबून आहे : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोपालकांना पाच. माल ज्याच्या रोजच्या हाताखालचा, त्याला पारख लवकर व्हायला हवी, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. नारदस्मृती आणखी व्यवहारी आहे. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर पूर्ण पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याची. आजच्या परतीच्या शुल्काचा हा पूर्वजच म्हणायचा.

पण नारदाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. एक, घेणाऱ्याने गुणदोष स्वतः आधी पारखावेत. पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू विक्रेत्याकडे परत जात नाही. दोन, निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. पहिला नियम घेणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबतो, दुसरा विकणाऱ्याच्या सचोटीवर. या दोहोंच्या मधल्या जागेत तो दोष राहतो जो घेणाऱ्याला दिसला नाही आणि विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हता. आमची हिरवी रेघ नेमकी तेथली.

(स्मृतीतील नियम म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे, हे या धाग्याच्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. ग्रंथात काय असावे ते असते. बाजारात काय होते ते असते.)

तर मग बाजारात काय होते? यासाठी मला पोथीपेक्षा आजोबा अधिक उपयोगी पडले. आमच्या राहाता तालुक्यातील लोणीचा जनावरांचा बाजार त्यांनी तरुणपणी पुष्कळ पाहिला. बैल घेताना आधी तोंड उघडून दात पाहायचे. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, सगळे आले की जुळला. मग खूर, खांदा, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. मग चालवून पाहायचे. दलाल हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे.

दात खोटे बोलत नाहीत, पण खोड दातांत दिसत नाही. मारका बैल बाजारात शांत उभा राहू शकतो. औताला बसणारा बैल चार पावले झोकात चालून दाखवतो. आजोबा म्हणाले, "नवा बैल दोन दिवस पाहुण्यासारखा वागतो. तिसऱ्या दिवशी घरचा होतो, मग खोडी काढतो." ओझ्याच्या जनावराला याज्ञवल्क्याने पाच दिवस दिले आहेत, हे मी त्यांना सांगितले. त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. जाणत्या माणसाकडून घेतलेला बैल नांगराला बसला तर चार भल्या माणसांना मध्ये घालून तो परत करता येत असे, असे ते म्हणाले. येथे जामीन पावतीचा नव्हता, तोंडओळखीचा होता. ओळख नसेल तर नशीब.

बैलाच्या बाजारातील एक गोष्ट विसरू नये. घेणारा आणि विकणारा दोघेही शेतकरी. बैलाबद्दल जेवढे एकाला कळते तेवढेच दुसऱ्याला. जेथे असे नसते तेथे तिसरा माणूस लागतो, आणि मराठेशाहीत असा तिसरा माणूस होता सराफ.

अठराव्या शतकात या मुलखात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये फिरत. पुण्याचा अंकुशी, बागलकोटकडचा मल्हारशाही, आमच्या उत्तरेला होळकरांच्या चांदवडचा चांदवडी. नवे कोरे नाणेसुद्धा निर्धास्तपणे घेता येत नसे, कारण चांदीचा कस टांकसाळीगणिक आणि काळागणिक बदले. आज ज्याला आपण निर्मितीतील दोष म्हणतो, तो येथे प्रत्यक्ष पैशातच होता. गावात पोतदार वसुलीचे नाणे पारखून घेई. पेठेत सराफ ते वाजवून पाही, कसोटीच्या दगडावर घाशी आणि परीक्षा झाल्याची बारीक खूण नाण्यावर ठोकी. अशा खुणांनी भरलेली नाणी संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात. कमी कसाच्या नाण्यावर बट्टा कापला जाई. नावाला बट्टा लागणे, खणखणीत नाणे, कसोटीस उतरणे हे सगळे शब्द आपण आज माणसांसाठी वापरतो. ते सराफाच्या गादीवरून आले आहेत.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या संपूर्ण मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला. यंत्रावर पाडलेला, एकाच वजनाचा, एकाच कसाचा. स्थानिक नाणी लगेच नाहीशी झाली नाहीत. पण सराफाच्या नजरेची गरज हळूहळू उतरत गेली. लोकांनी वस्तू पारखण्याऐवजी तिच्यावरील छाप वाचायला सुरुवात केली. माझ्या मते आपल्या ग्राहकाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण आहे, आणि त्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. यंत्राने वस्तू सारख्या केल्या, म्हणून प्रत्येक वस्तू पारखण्याचे कारण उरले नाही. पण यंत्र चुकले की ते एकदा चुकत नाही. सदोष बैल एकटा असतो. सदोष साच्यातून निघालेला माल हजारांनी असतो.

इंग्रजी अमदानीचा दुसरा वारसा १९३० चा माल विक्री कायदा. त्या वर्षी १ जुलैला तो लागू झाला आणि अजूनही लागू आहे. घेणाऱ्याने सावध राहावे हे त्याच्या सोळाव्या कलमाचे मूळ तत्त्व, आणि पुढे त्याला अपवाद. माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे ही अट न लिहिताही गृहीत धरली जाते. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. नारदाची आठवण येते ना? फरक असा की येथे दिवस मोजलेले नाहीत. 'वाजवी मुदत' एवढेच म्हटले आहे. वाजवी किती, ते न्यायालय सांगणार. न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून मोठा, त्यामुळे घड्याळ, कंदील किंवा शिवणयंत्र बिघडलेले निघाले म्हणून कोण जाणार होते?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचे पहिले मानक राष्ट्रध्वजाचे आहे. पुढे इस्त्री, वायर, सिमेंट यांवर आयएसआयची खूण आली. ही सराफाची ठोकलेली खूणच, फक्त सराफ आता सरकारी होता. पण त्या दशकांत बाजारात मालच अपुरा. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेला माणूस गाडी हातात आल्यावर रंगावरचा ओरखडा दाखवून ती परत करील, ही कल्पनाच कोणाला सुचत नसे.

अशा काळात पहिला आवाज मुंबईतून आला आणि तो स्त्रियांचा होता. १९६६ मध्ये नऊ जणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. तक्रारी ऐकणे आणि वस्तूंची चाचणी करणे अशी दोन्ही कामे तिने हाती घेतली. घरातील वस्तूंच्या दर्जाचा रोजचा अनुभव ज्यांच्याकडे होता त्यांनीच तो मोजायचे ठरवले, याचे मला नवल वाटत नाही. मागोमाग पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. कुटुंबांनी गट करून घाऊक माल घ्यायचा आणि आपसांत वाटायचा, ही तिची पद्धत. एकट्या ग्राहकाला जी पारख आणि जी घासाघीस जमत नाही ती गटाला जमते. बाजारात आजोबा चार भली माणसे शोधत. पंचायतीने त्यांचे संघटन केले.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला संमती मिळाली. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे : गुणवत्ता, परिमाण, शुद्धता किंवा मानक यांतील कोणतीही उणीव. जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले. वकील लावण्याची सक्ती नव्हती. पण एक अडचण त्या कायद्याच्याच पोटात होती. जो दोष डोळ्यांना दिसून सिद्ध होत नाही त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची, आणि त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे. सराफाची जागा प्रयोगशाळेने घेतली. पेठेत बसलेला सराफ मात्र राहिला नाही.

मग आला मोबाइल. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला, आणि बारा वर्षांत हे यंत्र इतके पसरले की त्याच्या एका सुट्या भागातील दोष राष्ट्रीय बातमी ठरला. ऑगस्ट २००७. नोकियाने जाहीर केले की बीएल-५सी या बॅटऱ्यांपैकी, मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापू शकतात आणि त्या बदलून मिळतील. जगभरात अशा घटना सुमारे शंभर. आपल्याकडे मात्र भय पसरले. मी तेव्हा लहान होते. पण घरोघरी लोक फोनचे मागचे झाकण काढून बॅटरीवरचा तो लांबलचक क्रमांक डोळ्यांजवळ धरून वाचत आहेत, हे चित्र मला स्वच्छ आठवते. बैलाचे दात पाहावेत तसेच. फरक इतकाच की दातांवरून पाहणाऱ्याला स्वतःला कळे. क्रमांकाचा अर्थ फक्त कंपनीला ठाऊक होता.

२०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ ने हेच अधिक भीषणपणे दाखवले. ऑगस्टमध्ये बाजारात आलेला फोन पेट घेऊ लागल्याने सप्टेंबरमध्ये परत मागवला. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबले. पुढील जानेवारीत कंपनीने कारणे सांगितली. दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष होते : एकीत कोपऱ्यातील पत्रा वाकलेला, दुसरीत जोडणीच्या ठिकाणी धातूचे टोक उरलेले. कोणत्या दुकानात, कोणत्या ग्राहकाने, किती दिवस परीक्षा केली असती म्हणजे हे दिसले असते?

आपल्याकडे २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि पुढे तिच्या कक्षेत मोबाइलही आले. आईच्या फोनच्या डब्यावर ती खूण आहे. पण ती सुरक्षिततेची आहे : फोन धक्का देणार नाही, पेटणार नाही. पडदा महिनाभर निर्दोष राहील, असे ती म्हणत नाही. छाप वाचताना ती कशाची हमी देते हे वाचायचे राहून जाते. चांदवडी रुपयावरील छापाचेही असेच होते. तो टांकसाळ सांगत असे, कस सांगत नसे.

आता २०१९ च्या कायद्याकडे, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. यात उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि 'निर्मितीतील दोष' हे शब्द त्यात स्पष्ट आले आहेत. वाचून मला आनंद झाला, तो दोनच मिनिटे टिकला. त्या प्रकरणातील 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी वगळलेली आहे. फोन पेटून हात भाजला तर ते प्रकरण आपल्या कामाचे. नुसती रेघ उमटली तर नाही. आमच्या उपयोगाचे सापडले ते दुसऱ्या कलमात, अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत. सदोष माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर तीस दिवसांत.

मी पावती पुन्हा काढली. तिच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढेच छापलेले. सात दिवस हे शब्द कोठेही नव्हते. ते दुकानदाराच्या तोंडी होते.

त्याच संध्याकाळी मी आईच्या नावाने अर्ज लिहिला, कलमासह, आणि दुकानात दिला. नव्या कायद्यामुळे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आम्हाला अहिल्यानगर. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. हेही त्यात नम्रपणे नमूद केले. दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, डबा सीलबंद येतो. आत काय आहे ते मलाही तुमच्याबरोबरच कळतं." हे त्याचे म्हणणे खरे आहे. त्याच्या हातात ना दात पाहण्याची सोय, ना कसोटीचा दगड. तो कंपनीला विचारतो म्हणाला.

कंपनीने बदली फोन दिला नाही, पडदा विनामूल्य बदलून देण्याचे मान्य केले. आईला नवा फोन हवा होता, दुरुस्त केलेला नव्हे, आणि तिचे म्हणणे मला आजही रास्त वाटते. पण गुरुपौर्णिमेची गर्दी तोंडावर होती, दुकानातील क्यूआर कोडचे पैसे काकांच्या फोनवर येत होते, आणि रोज रात्रीच्या हिशेबावरून घरात कुरबुर सुरू झाली होती. आयोगाच्या तारखांना नगरला कोण जाणार? तिने पडदा बदलून घेतला.

फोन बाविसाव्या दिवशी परत आला. सोबतच्या कागदावर 'चाचणी पूर्ण' असा शिक्का होता. कोणती चाचणी, किती वेळ, ते लिहिलेले नव्हते. आईने तो कागद पावतीला टाचून गल्ल्याच्या खणात ठेवला आहे, आणि मागच्या बाजूला पेनाने रेघ उमटल्याची तारीख लिहिली आहे.